मराठी माध्यमातल्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग जडच जातं का? आधी सी शिकावं की थेट जावा?

माध्यमाचा काही संबंध नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बीसीएच्या मुलांना जावा शिकवतो, म्हणून ठामपणे सांगतो.

तुम्ही लिहिलंय की व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण कोरं पान समोर आलं की पहिला क्लास कोणता लिहायचा तेच सुचत नाही. सुचणार कसं? 'क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे वीट' हे उदाहरण आधी बंद व्हायला हवं. वीट नुसती पडून राहते. ऑब्जेक्टला काही विचारलं की तो उत्तर देतो, आणि सगळं मर्म तिथेच आहे.

आमचे एक ज्येष्ठ सर नेहमी म्हणायचे, "खेड्यातल्या पोट्ट्यायच्या डोक्यात हे नाही शिरत. पाठ करून घ्या अन् पास करा." मला ते कधीच पटलं नाही. ऐन कापसाच्या हंगामात मी कॉम्प्युटर बंद ठेवून वर्गातच जिनिंगचं आवार मांडलं. एक मुलगा गेट, एक मुलगी वजनकाटा, एक जण ग्रेडर, बाकीचे कापसाच्या गाड्या. प्रत्येकाच्या हातात कार्ड: मला काय माहीत आहे, मी काय करतो, मला कोणाची मदत लागते. दुसऱ्याच्या कार्डात डोकावायचं नाही, तोंडाने विचारायचं. एका गाडीवाल्याने काट्याला विचारलं, "पैसे किती झाले?" पोरगी ताडकन म्हणाली, "भाव मले नाही माहीत. मी फक्त वजन सांगन, भाव ग्रेडरले विचार." एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे आपली माहिती आपल्यापाशीच ठेवून विचारलं तरच उत्तर देण्याची, व्याख्या तिला तोवर कोणी सांगितलीही नव्हती. मग दोघांना एकाच गाडीच्या नंबरची चिठ्ठी दिली. एकाने वजन बदललं, दुसऱ्याने विचारलं तर त्यालाही बदललेलंच मिळालं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गाडी तं एकच हाय ना!" रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणारी चिठ्ठी, मला फळ्यावर वेगळा शिकवावा लागला नाही.

ही कार्डांची पद्धत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रामरनी १९८९ मध्ये मांडली, तीही शिकवण्यासाठीच. मुळात क्लास आणि ऑब्जेक्ट आले ते १९६० च्या दशकात ओस्लोमध्ये, डाल आणि नीगार्ड या नॉर्वेच्या संशोधकांच्या सिम्युला या प्रोग्रामिंग भाषेतून. रांगा लागणाऱ्या कामांची नक्कल कॉम्प्युटरवर करता यावी, ही त्यांची गरज होती. जिनिंगच्या रांगेत गाडीवर रात्र काढलेल्या पोरांना हे कळणार नाही?

सी की जावा, काहीही चालेल. फक्त लूप आणि फंक्शनवर हात बसलेला असू द्या. नवं सिंटॅक्स (भाषेचे लिहिण्याचे नियम), इंग्रजी एरर आणि नवी विचारपद्धत एकदम आली की डोक्यात जागाच उरत नाही. जावाच्या प्रोग्राममधली 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही ओळ सुरुवातीला जशीच्या तशी उतरवा, अर्थ मागाहून कळेल. हो, पेपरात व्याख्या विचारतातच, तेव्हा त्या लिहाव्या लागतील. आणि इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बेतणं, अशा खेळातून नीट येत नाही, ते कोड लिहूनच येतं.

तुमच्याकडेही कोणी सर 'पोट्ट्यायले झेपत नाही' म्हणत असतील, तर त्यांना विचारा, मुलांकडून व्याख्या किती लिहून घेतल्या आणि क्लास किती.