सेन्सर गेला म्हणजे गाडी बिघडली की नाही?

तुम्ही विचारलंय की हल्लीच्या लक्झरी गाड्या नव्वदच्या दशकातल्या गाड्यांइतक्या भरवशाच्या आहेत का, आणि तीन-चार वर्षं वापरलेली जर्मन डिझेल सेडान घ्यावी का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: डिझेल घेऊ नका. पहिल्या प्रश्नावरून माझं आणि दादाचं कराडच्या एका पेट्रोल पंपावर जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

बाबांचं भोसरीत मशीन शॉप, आता ते मी बघते. 1995 साली मर्सिडीजने भारतातली पहिली गाडी जोडायला घेतली ती इथेच, पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात. डब्ल्यू 124 मॉडेल. बाबांना ती गाडी कधी परदेशी वाटलीच नाही. 2004 मध्ये त्यांनी एका डॉक्टरांची सात वर्षं वापरलेली, त्याच मॉडेलची ई 250 डिझेल घेतली. पाच सिलिंडर, टर्बो नाही, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, आणि समोरच्या काचेवर एकच मोठा वायपर, जो 86 टक्के काच पुसायचा. त्या वायपरची यंत्रणा बाबा पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवायचे. आत फिरता फिरता दांडी लांब-आखूड होते आणि पातं काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचतं. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला असल्या गोष्टीत काय सापडतं ते मी पाहिलंय.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक डायरी असायची. तारीख, रीडिंग, काय बदललं, का बदललं. 'पुढचं डावं बुश. खड्ड्यात आवाज.' 'डिझेल फिल्टर. मुदतीआधी बदलला, मुंबईला जायचं होतं.' दर पाच हजार किलोमीटरला ऑइल, मग कोणी काहीही म्हणो. त्या काळच्या डिझेल मर्सिडीजचं इंजिन किल्ली फिरवल्यावर बंद व्हायचं ते व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून. व्हॅक्यूमच्या नळीला चीर गेली तर किल्ली काढून घेतली तरी इंजिन चालूच राहू शकतं, मग बॉनेट उघडून इंजिनाच्या डिझेल पंपावरचा दांडा हाताने दाबायचा. मी गाडी शिकले त्या दिवशी बाबांनी आधी तो दांडा दाखवला, मग क्लच.

गाडी 4,12,000 किलोमीटर चालली आणि 2021 मध्ये आम्ही ती विकली. दादाचा आग्रह होता. बाबा थकलेत, पुढच्या वर्षी पुनर्नोंदणीची दगदग आहे, 'एखाद्या दिवशी घाटात दगा देईल'. मी नको म्हणत होते, तर तो म्हणाला तू भावनेच्या भरात बोलतेस. ते वाक्य मी विसरलेले नाही.

2023 मध्ये दादाने 2020 सालची बीएस 6 (आपल्याकडचा गाड्यांच्या प्रदूषणाचा नियम) डिझेल सेडान घेतली, मोठ्या कंपनीची, नाव घेत नाही. गाडी सुरेख आहे. चालवायला, बसायला, शांततेला, सगळ्याला. 2024 च्या डिसेंबरात मिरजेला आत्याच्या नातीचं लग्न होतं. त्याच्या आठवडाभर आधी डॅशबोर्डवर निरोप आला: उत्सर्जन यंत्रणेत बिघाड, 800 किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून सांगितलं की नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा, गेलाय, मागवावा लागेल. सेन्सर यायला पंधरा दिवस. दादा ऑफिसला जात राहिला, आकडा उतरत राहिला.

निगडीहून निघालो तेव्हा 150 उरले होते. दादाचा हिशेब असा की शून्य झालं तरी चालतं इंजिन बंद पडत नाही, फक्त पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे मिरजेपर्यंत बंदच करायचं नाही. हिशेब बरोबर होता. सातारा गेलं, उंब्रजच्या अलीकडे शून्य झालं, गाडी मख्खनसारखी चालत होती. पण डिझेल कमी होतं. कराडला पंपावर घेतली. पंपावरचा मुलगा म्हणाला, "दादा, इंजिन बंद करा." पंचवीस वर्षांची सवय. बोट बटणावर गेलं.

परत सुरू झाली नाही. डिझेलची टाकी काठोकाठ, ॲडब्लू (धुरातले तेच ऑक्साइड कमी करणारं द्रव) भरलेलं, बॅटरी उत्तम, इंजिन निरोगी. मागच्या सीटवर 81 वर्षांचे बाबा फेटा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी एकच विचारलं, "डायरी कुठंय?" ग्लोव्ह बॉक्समध्ये जाडजूड माहितीपुस्तक होतं. गाडीचा सगळा इतिहास कंपनीच्या सर्व्हरवर. गाडी आमची आणि तिचं आजारपण आम्हालाच वाचता येत नव्हतं.

आम्ही भाड्याच्या गाडीने मिरजेला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आमची गाडी फ्लॅटबेडवरून पुण्याला परत गेली. सेन्सर, मजुरी आणि वाहतूक मिळून 91 हजार.

तेव्हापासून दादा म्हणतोय, "गाडीत काहीही बिघाड नव्हता, फक्त सेन्सर गेला होता." तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात अडकलंय. मी म्हणते, घरच्या माणसांना घेऊन निघालेली गाडी रस्त्यात उभी राहिली की ती बिघडली. नट तुटला, पट्टा तुटला, की कुठल्या पेटीतल्या प्रोग्रॅमने नकार दिला, याच्याशी मागे बसलेल्या माणसाला काय करायचंय? जुन्या गाडीची एखादी गोष्ट गेली तर ती खोकत, कण्हत पण घरी यायची. तिथपासून पुढे जायचं का थांबायचं हे चालवणारा ठरवायचा.

यात सगळा दोष कंपनीचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ॲडब्लूची यंत्रणा नीट चालत नसेल तर ठरावीक अंतरानंतर गाडी पुन्हा सुरू होऊ द्यायची नाही, हे युरोपातल्या युरो 6 या प्रदूषण नियमांतच आहे, आणि आपलं बीएस 6 त्याच धर्तीवर बेतलंय. नाहीतर लोक ॲडब्लू न भरताच वर्षानुवर्षं फिरले असते. पण नियम कोणाचाही असो, रस्त्यावर मी उभी होते.

दादा मला अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या कंपनीने गाडीमालकांना विचारून केलेल्या पाहणीचे आकडे दाखवतो. 2025 ची पाहणी: तीन वर्षं जुन्या दर 100 गाड्यांमागे सरासरी 202 तक्रारी, सगळ्यात कमी लेक्ससच्या, 140. ठीक आहे. पण त्यात ब्लूटूथला फोन जोडला जात नाही हीसुद्धा एक तक्रार आणि गाडी बंद पडली हीसुद्धा एकच. अशा बेरजेवरून माझा कराडचा दिवस मोजता येत नाही. तरी लेक्सस सातत्याने वर राहते यात तथ्य आहे आणि बजेट बसत असेल तर मी तीच घ्या म्हणेन.

जर्मनच हवी असेल तर पेट्रोल घ्या. हिंजवडी ते कोथरूड असं रडतखडत चालवणाऱ्याने बीएस 6 डिझेल घेऊच नये. त्यातल्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, ते सिग्नलला उभं राहून येत नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे) असेल तर गाडी रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपरे बघा. एक कोपरा बसला असेल तर बहुधा फुग्याचं रबर चिरलंय आणि कॉम्प्रेसर जादा चालून चालून मरणाच्या वाटेवर आहे. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे असं सांगतील. बऱ्याच लक्झरी गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असतो, आणि झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. मग लाइफटाइम नक्की कोणाचं? पहिल्या मालकाचं. वाढीव वॉरंटी मिळत नसेल तर ती गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या.

आणि हो, जुन्यांची आरती मला ओवाळायची नाहीये. ज्या जुन्या गाड्या वाईट होत्या त्या कधीच भंगारात गेल्या, आपण उरलेल्याच बघतो. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या कित्येक मर्सिडीजच्या इंजिनावरच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळायचं. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची मर्सिडीज 240 डी टॅक्सी 46 लाख किलोमीटर चालून 2004 मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली, ते सगळे सांगतात. त्यात इंजिनं पुन्हा पुन्हा बदलली होती, ते कोणी सांगत नाही. नव्या गाड्यांचे पत्रे कमी गंजतात, धडक झाली तर माणूस वाचायची शक्यता कितीतरी जास्त, आणि आमच्या 124 मागून चालणाऱ्याला जो धूर गिळावा लागायचा तो दादाच्या गाडीमागे नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच बघायचं तर नव्या गाड्या उणे नाहीतच. दर पाच हजाराला ऑइल घातलं असतं तर त्याही चार लाख चालल्या असत्या, असं बाबाच म्हणतात.

तुम्ही कुठलीही घ्या, पण एक डायरी ठेवा. ॲपमध्ये नको, कागदावर. मी दादाच्या गाडीसाठी ठेवलीय. पहिली नोंद माझ्या हातची: 'कराड. पंपावर बंद केली, सुरू झाली नाही.' दिवाळीत बघितलं तर दादाने ते खोडून 'सेन्सर बदलला' एवढंच लिहिलं होतं. बाबांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, पेन मागितलं, आणि खोडलेल्या ओळीखाली तारीख आणि रीडिंग घातलं. आम्ही दोघंही ते घालायचं विसरलो होतो.