आपण की आम्ही?

प्रश्न असा आला आहे : फिलिपिन्सच्या इतिहासलेखनाबद्दल वाचताना 'पान्तायोंग पनानाउ' हा शब्दप्रयोग भेटला. त्याला मराठीत 'आम्ही-दृष्टिकोन' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. उलट अर्थ होईल. इंग्रजीतून आलात की ही चूक हमखास होते, कारण तिथे 'वुई' एकच. हिंदीतही 'हम' एकच. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत मात्र 'तायो' आणि 'कामी' असे दोन शब्द आहेत, आणि नशिबाने आपल्याकडेही दोन आहेत. घरी पाहुणा बसलाय आणि यजमान म्हणाला, 'काकाइन तायो', की पाहुण्याने हात धुऊन पानावर बसावं : आपण जेवणार आहोत. 'काकाइन कामी' म्हणाला, तर निरोप घ्यावा : आम्ही जेवणार आहोत!

'तायो' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, म्हणजे आपण. त्याला 'पांग-' हा 'साठी' अर्थाचा उपसर्ग लागतो, 'त'पुढे त्याचा 'पान' होतो, म्हणून 'पान्तायो', आपल्यासाठीचं. 'पनानाउ'च्या मुळाशी 'तानाउ', लांबवर पाहणं.

इतिहास आपणच आपल्यासाठी, आपल्या भाषेत लिहावा, हा विचार मांडला झेउस सालाझार या इतिहासकारांनी, फिलिपिन्स विद्यापीठात. त्यांचा रोख सर्वनामावरच आहे. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांनी मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या फिलिपिन्सवरच्या जुन्या ग्रंथावर टिपा लिहून तो 1890 मध्ये पॅरिसला छापला. स्पॅनिश येण्याआधीही या बेटांवर संस्कृती होती, हे त्यांना दाखवायचं होतं. पण लिहिलं स्पॅनिशमध्ये. म्हणजे बोलणं 'आम्हीही कमी नाही' असं, आणि समोर 'तुम्ही'. सालाझार याला 'पांगकामी' म्हणतात. 'पान्तायो'मध्ये बोलणारे आणि ऐकणारे दोघेही आतले, भाषाही आतली. बाहेरच्यापुढे सफाई द्यायची नाही.

आता या 'आपण'मध्ये कोण कोण बसतं? मला हा प्रश्न खरा वाटतो. तिथली राष्ट्रभाषा फिलिपिनो टागालोगवर उभी आहे. सेबूकडच्या लोकांची भाषा वेगळी आणि त्यांचा 'आपण'ही वेगळा, 'किता'. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मुसलमानांची तर गोष्टच निराळी. टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं आहे.

मराठी प्रतिशब्दाचं म्हणाल, तर 'आपली दृष्टी' म्हणावंसं वाटतं, पण 'आपला' भारी निसरडा. 'त्याने आपला इतिहास लिहिला' यात तो स्वतःचा असू शकतो. पत्राखालचा 'आपला विश्वासू' तर 'तुमचा' असतो. 'आपलेपणा'त नुसती माया. म्हणून मी 'आपण-दृष्टी' म्हणेन; जरा ओबडधोबड आहे, पण गोंधळ नाही. मूळ शब्दही काही फार गोडगोमटा नाही.

तुमचा 'आम्ही-दृष्टिकोन' मात्र टाकू नका. 'पांगकामी'साठी तो चपखल बसतो.