रविवारची भटकंती आणि सरकारी नोकरी

प्रश्न : माझी मुलगी गोवा विद्यापीठात इतिहासात एम.ए. करते. पहिलं वर्ष आहे, ताळगावच्या होस्टेलवर राहते. दर रविवारी मैत्रिणींबरोबर कुठे ना कुठे जाते. कधी दिवाडी, कधी हरवळेची लेणी, कधी नार्वे. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत तर रोज संध्याकाळी पणजीत. वही मात्र भरभरून लिहिते. मी सरकारी नोकरीत आहे, निवृत्ती जवळ आली. तिने स्टाफ सिलेक्शनची, म्हणजे गोवा सरकारच्या नोकरभरती परीक्षेची, तयारी करावी असं मला वाटतं. ती म्हणते, बघू. तिच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवतो. हे फिरणं बंद करायला सांगू का?
— एक वडील, वाळपई

उत्तर : नमस्कार. बंद करायला अजिबात सांगू नका. मात्र ही पानं तिला न विचारता पाठवली असतील, तर आजच तिला तसं सांगून टाका. पुढचं सगळं बोलणं तिच्या विश्वासावर उभं राहणार आहे.

आता पानांबद्दल. पहिलं दिवाडीचं आहे. रायबंदरहून फेरीबोटीने गेली, खाजन शेतात, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात, उतरली आणि बांधावरच्या मानशीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारांपाशी, थांबली. मानशीच्या लाकडी दारांचं चित्र तिने काढलंय. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं, आणि तिथेच मासळीसाठी जाळं लावतात. हे तिथे जाणारा कुणीही लिहील. पण खाली तिने एक ओळ लिहिली आहे : ‘मानशीची पावणी पूर्वी कोण करायचं, कोमुनिदाद की कुळं? आणि कूळ कायद्यानंतर?’ पावणी म्हणजे तिथल्या मासेमारीचा लिलाव; कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था.

ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गोव्यात कूळ कायदा 1964 मध्ये आला. त्यानंतर खाजनांची जबाबदारी हळूहळू कोमुनिदादींकडून कुळांच्या संघांकडे गेली. बांध कुणी दुरुस्त करायचे, मासळीचा पैसा कुणाच्या पेटीत जायचा, यावरून गावागावांत जे बदललं तो आपल्या आजोबांच्या काळातला इतिहास आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असा प्रश्न स्वतःहून पडलेली मुलं मला फार थोडी भेटतात. बहुतेकांना विषय सर देतात.

दुसरं पान नार्वेचं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे आणला गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेखही तिथे आहे. तुमच्या लेकीने एक रविवार दिवाडीच्या काठावर घालवला, दुसरा पलीकडच्या काठावर. पुस्तकातलं एक वाक्य दोन्ही बाजूंनी तपासायला गेली ती. याला मी भटकंती म्हणणार नाही.

कौतुक इथवर. आता उणं काय आहे तेही सांगते. पानांवर तारीख नाही. मानशीची माहिती ‘एका काकांनी’ सांगितली, एवढंच लिहिलंय. काकांचं नाव काय, वाडा कोणता, वय किती, ते स्वतः मानस घ्यायचे की ऐकीव सांगत होते? हे नसेल तर अभ्यासात ती नोंद कुणी धरणार नाही, आणि दोन वर्षांनी तिला स्वतःलाही आठवणार नाही. तिला सांगा, त्याच दिवशी होस्टेलवर परतल्यावर जेवणाआधी हे लिहून काढायचं. काकांची परवानगी विचारून, मगच नाव.

दुसरी गोष्ट, भाषा. गोव्याचा इतिहास करायचा आणि पोर्तुगीज येत नाही, तर माणूस दुसऱ्यांनी वाचलेल्यावरच जगतो. विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग तिच्या होस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडीतलेही कागद आहेत, आणि मराठी घरातल्या मुलीला मोडी काही महिन्यांत हाताशी येते. दोन्ही एकदम नको; आधी पोर्तुगीज. आणि डिसर्टेशनचा विषय ठरवायची वेळ येईल तेव्हा मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने न जाता ती मानशीची ओळ घेऊन जायचं.

पुढे काय, ही तुमची खरी काळजी, आणि ती रास्त आहे. नुसत्या एम.ए. इतिहासावर गोव्यात नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट हवी. नेटचे दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 गुण, वेळ तीन तास. पहिल्या वर्षापासून तयारी केली तर जड नाही. अभिलेखागारांचं काम आवडलं तर दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा डिप्लोमा आहे. पुरातत्त्वाकडे ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. संग्रहालयं आणि वारसास्थळांची कामंही याच शिक्षणातून मिळतात, पण ती बरीचशी कंत्राटी असतात, हे धरून चाला.

स्टाफ सिलेक्शनचं म्हणाल, तर ती परीक्षा या सगळ्याच्या आड येत नाही. गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान यांचा सराव सकाळचा एक तास केला तरी पुरे. जाहिरात आली की तिने फॉर्म भरावा, परीक्षा द्यावी. कारकुनीची नोकरी लागली आणि तिने घेतली, तरी त्यात कमीपणा काही नाही. तुमचं घर त्याच पगारावर उभं राहिलंय. पण जाहिराती ठरल्या वेळी येत नाहीत. त्यांची वाट बघत रविवार घरात बसून काढले, तर नोकरीही लांब आणि हातचा अभ्यासही गेला, असं होईल.

म्हणून तिच्याशी एक करार करा. एम.ए. पूर्ण होईपर्यंत रविवार तिचा, सकाळचा तास तुमचा. एम.ए.नंतर एक वर्ष नेट आणि सरकारी परीक्षा दोन्ही मनापासून द्यायच्या, आणि तोवर घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. हे शेवटचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाळपई-साखळीकडच्या पालकांशी बोलताना ते बहुतेक वेळा मागून येतंच, म्हणून आधीच सांगते. इफ्फीचं मात्र सोडून द्या. वर्षातले ते थोडे दिवस आहेत, देशोदेशीचे सिनेमे तिच्या दारात येतात.

तुमच्याकडून एक काम हवंय. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आत्ताच करून ठेवा. जाहिरात आली की मामलेदार कचेरीत रांगा लागतात. भरतीसाठी कोकणी यावीच लागते, मराठी आली तर अधिक चांगलं. तिला दोन्ही येतात, तेव्हा ती चिंता नाही.