हौसेसाठी खेकड्यांचा पिंजरा घ्यायचाय. कोणता घ्यावा आणि तो टिकवायचा कसा?

तुमचं शेत सांगलीजवळ, बांधाला लागून ओढा, आणि सुट्टीच्या दिवशी घरापुरते खेकडे धरायची हौस. ऑनलाइन दिसतो तो घडीचा पिंजरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी पलूस भागातला. बरीच वर्षं आमच्या ओढ्यात पिंजरा लावतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छत्रीसारखा उघडणारा नायलॉनचा पिंजरा घेऊ नका. रात्रभर आत अडकलेला मोठा खेकडा नांगीनं जाळी कातरतो. माझे पहिले दोन एकाच पावसाळ्यात गेले. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा लेप असलेली तारेची जाळी आणा आणि दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच अशी पेटी स्वतः बांधा. जाळीचा चौकोन एक इंचाचा हवा, म्हणजे पिल्लं आपोआप निघून जातात. तार कापली की टोकांचा लेप निघतो आणि गंज तिथूनच धरतो. त्या टोकांना ऑइलपेंटचा हात मारा, आठवडाभर कडक वाळू द्या, मगच पाण्यात घाला.

सगळी करामत तोंडात आहे. बाहेर रुंद, आत निमुळतं, नरसाळ्यासारखं. आतलं टोक तळापासून चांगलं वर, अधांतरी ठेवा. खेकडा उतार चढून आत पडतो आणि मग कडेकडेनं फिरत बसतो, वरचं भोक त्याला सापडत नाही. उतारावर पोत्याचा तुकडा शिवला तर पायांना पकड मिळते. आमिषाला माशाची डोकी पुरतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा माझा एक पिंजरा ओढ्यातच राहिला होता. काढतो काढतो म्हणेपर्यंत पाणी चढलं. ओसरल्यावर तो खालच्या अंगाला बाभळीच्या बुंध्याशी, एका डबक्यात सापडला. आत मेलेले खेकडे होते आणि तळहाताएवढं एक कासव. त्याचं नाक वरच्या जाळीच्या चौकोनातून बाहेर आलेलं होतं. श्वासासाठी ते वर आलं होतं आणि पाणी त्याच्याही वर होतं. ते नाक मला अजून दिसतं.

हरवलेला पिंजरा धरायचं थांबत नाही. आत मेलेला जीव पुढच्याला आमिष होतो. म्हणून दोन गोष्टी करा. पिंजरा उथळ पाण्यात असा ठेवा, की छत चार बोटं तरी पाण्याबाहेर राहील. आणि एका बाजूला चार इंची खिडकी कापून तिचं झाकण साध्या सुती दोऱ्यानं बांधा, नायलॉननं नाही. पिंजरा हरवला तर दोरा कुजतो, झाकण पडतं, आतले सुटतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) पिंजऱ्याला अशी कुजून उघडणारी खिडकी कायद्यानंच लागते, आणि तिथल्या हौशी माणसाला पाचच पिंजरे लावता येतात. आपल्याला ओढ्यासाठी एक पुरे. दोरा मात्र दर हंगामाला नवा.

देखभाल सोपी आहे. काढल्यावर शेवाळ आणि गाळ ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. उन्हानं पिंजरा ओढायची दोरी हळूहळू कमजोर होते. हातात पिळून बघा, भुसा सुटला की टाकून द्या. पिंजरा शेडमध्ये उंच टांगा, नाहीतर माशाच्या वासानं उंदीर पोतं आणि दोरी कुरतडतात.

पोटाखालची झडप रुंद असेल तर ती मादी. तिथं अंडी किंवा पिल्लं दिसली तर तिथल्या तिथं सोडा. आपला ओढ्यातला खेकडा अंडी घालायला समुद्रात जात नाही. अंड्यातून थेट इवले खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाला चिकटून राहतात. एक मादी नेली की त्या ओढ्याची पुढची फळी गेली.

कृष्णेच्या पात्रात लावायचा मोह टाळा. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि पिंजरा लावायची वेळ नेमकी तिन्हीसांजेची. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय तिथं काही टाकू नका. चांदोलीच्या राखीव जंगलात तर अजिबातच नको.

संध्याकाळी लावला की पहाटे उचलायचाच. परगावी जायचं असेल किंवा वर घाटात पाऊस धरला असेल, तर त्या रात्री पिंजरा शेडमध्येच राहू द्या.