टाळूवर संशोधन करायचंय, पण ससे नकोत

प्रश्न : मी कळव्याला राहते, बारावी सायन्सला आहे. जन्मतःच माझा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. तीन ऑपरेशनं झाली, आता वरच्या जबड्याचं चौथं सांगितलंय. आजी अजून ग्रहणाला दोष देते. मला यातच संशोधन करायचंय. पण अशा शस्त्रक्रिया आधी ससे, बकऱ्यांवर करून बघतात हे वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. घरी दोन मांजरी आहेत. नीटनंतर काय भरू?

उत्तर : आजींना सांग, साधारण ७०० बाळांमागे एक असं जन्मतं. एवढी ग्रहणं कुठे लागतात!

चौथं ऑपरेशन का लागतंय, हे आधी बघ. बोलणं नीट यावं म्हणून टाळू लहानपणीच, साधारण दीड वर्षाच्या आत शिवतात. पण तिथे व्रण धरतो, तो आवळत जातो आणि वरचा जबडा वाढीत मागे पडतो. मग टाळू उशिरा शिवावी का? हाड उघडं न ठेवता शिवता येईल का? हे बाळांवर करून बघता येत नाही, म्हणून वाढत्या वयाचे ससे आणि बीगल कुत्री घेतली गेली. दोष मुळात कसा होतो ते उंदरात पाहतात. गर्भाच्या चौदाव्या-पंधराव्या दिवशी, जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबणारे टाळूचे पडदे आडवे होऊन मधोमध जुळतात; न जुळले तर फट राहते. बकरीचा प्रकार आणखी वेगळा. तंबाखूच्या जातीतल्या एका झाडाचा पाला गाभण बकरीला घातला, की पोटातल्या करडाची हालचाल मंदावते, जीभ खाली सरकत नाही आणि टाळू उघडी राहते.

म्हणजे हे प्रयोग उगाच केलेले नाहीत. पण त्यांचं सगळंच माणसाला लागू पडतं असंही नाही. सशाचं तोंड लांबट वाढतं, आपलं तसं नाही. शिवाय बऱ्याचदा फट जन्मजात नसते, धडधाकट प्राण्याला कापून केलेली असते.

आता जे माहितीपत्रकात सापडत नाही ते सांगतो. भूल देतात, संस्थेची नीतिसमिती प्रस्ताव तपासते, मोठ्या प्राण्यांसाठी केंद्राच्या समितीची परवानगी लागते. सगळं खरं. तरीही प्रयोग संपला की बहुतेक प्राण्यांना मारावं लागतं, वेदना न होऊ देता, पण मारावंच लागतं. उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून मानेची सैल कातडी चिमटीत घ्यायला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ते जमतं बहुतेकांना. शेवटचा भाग सगळ्यांना जमत नाही, आणि न जमणं हा दोष नाही.

तुझं मूळ पत्र चांगलं चार पानी होतं. त्यात सहा ठिकाणी बाळांबद्दल आणि त्यांच्या आयांबद्दल लिहिलंयस. पेशींबद्दल एकदाही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नीटनंतर बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा विचार कर आणि पुढे तीन वर्षांचं एमडीएस, जबड्याच्या शस्त्रक्रियेत किंवा ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे वेडेवाकडे दात-जबडे जागेवर आणण्याच्या शाखेत. नेरूळ, खारघर, कामोठे इथेच डेंटल कॉलेजं आहेत. खासगीची फी मात्र आईबाबांसोबत बसून आधीच मांडा, एमडीएसला ती घाम फोडते. एमबीबीएस मिळालं तर एमएस आणि मग प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच हाही रस्ता आहे, लांबचा. वाटेत ससा आडवा येईलच असं नाही. जुन्या रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, एक्स-रे, बोलण्याची रेकॉर्डिंग्ज यांवर टाळूचं उत्तम संशोधन होतं.

‘हा दोष मुळात का होतो’ हा प्रश्न झोप उडवत असेल तर मात्र बीएससी, एमएससी, पीएचडी. तिथे उंदीर टाळणं अवघड. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात काम कॅन्सरचं चालतं, पण प्राणीगृह आहे. बघायला मिळेल का, असं कॉलेजमार्फत विचारून बघ. ठाण्याहून पनवेल लोकल थेट जाते. आणि मांजरींमुळे पशुवैद्यक मनात आलं तर परळचं कॉलेज आहे, साडेपाच वर्षं, नीटवरच. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल हे पशुवैद्याचंच काम असतं.

जबड्याच्या तपासणीला पुढच्या वेळी जाशील तेव्हा तुझे स्वतःचे लहानपणापासूनचे साचे जपून ठेवलेत का ते विचार, आणि असतील तर ओळीने टेबलावर मांडून दाखवायला सांग. काय दिसलं ते मला लिही.