एक्झेंटरेट आणि आपलं आतडं

'एक्झेंटरेट' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, असा प्रश्न आला आहे. अर्थ सरळ आहे: पोट फाडून आतडी बाहेर काढणे. 'एव्हिसरेट'चा अर्थही तोच, आणि तो कुठल्याही कोशात सापडेल, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, साथ आली तेव्हापासून 'एक्झेंटरेशन म्हणजे डोळा काढणे' असं सर्रास सांगितलं जातं. नेत्रशल्यचिकित्सेत तीन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. एव्हिसरेशनमध्ये डोळ्याच्या आतला ऐवज काढतात, पण डोळ्याचं पांढरं कवच जागेवर ठेवतात. एन्यूक्लिएशनमध्ये अख्खा नेत्रगोल जातो. एक्झेंटरेशनमध्ये नेत्रगोलासकट खोबणीतले स्नायू आणि चरबी, कित्येकदा पापण्याही काढाव्या लागतात. गंमत बघा, तीनपैकी दोन नावं पोट फाडण्याची, आणि डोळ्यात आतडं औषधालाही नाही! एवढा रोजच्या कामातला शब्द, आणि कोशकार त्यावर 'दुर्मिळ'चा शिक्का मारून मोकळे. त्यांनी एकदा रुग्णालयात चक्कर मारावी.

दुसरे महाभाग या शब्दात 'सेंटर' शोधतात आणि 'केंद्र काढून टाकणे' अशी व्युत्पत्ती ठोकून देतात. त्यात सेंटर नाही, ग्रीक 'एन्तेरॉन' आहे. एन्तेरॉन म्हणजे आतडं. तेच बिघडलं की डिसेंट्री. आणि या एन्तेरॉनचं सख्खं भावंड म्हणजे संस्कृत 'आंत्र'! दोघांचं मूळ 'आतला' या अर्थाचं, आपलं 'अंतर'ही त्याच घरातलं. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, अठराव्या सूक्ताच्या शेवटी, उपासमारीमुळे कुत्र्याची आंत्रं शिजवावी लागल्याचा उल्लेख आहे. तिथला आंत्र प्राकृतात झिजला आणि आपल्याकडे 'आतडं' होऊन आला. आपल्या 'आतडं तुटणं'मधलं आतडं आणि शस्त्रक्रियागृहातलं एक्झेंटरेशन एकाच कुळातलं निघतं, यापेक्षा आणखी काय हवं?

मराठी प्रतिशब्द विचाराल तर 'कोथळा काढणे' हजर आहे. प्रतापगडच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाचं काय झालं हे सांगताना दुसरा शब्द कुणाच्या तोंडी येतच नाही. आता 'कोथळा' हा संस्कृत 'कोष्ठ'वरून आला असं काही विद्वान ठासून सांगतात. कोष्ठाचा कोठा होतो, ओष्ठाचा ओठ, ज्येष्ठाचा जेठ. 'ष्ठ'चा 'ठ'च होतो. मग इथेच 'थ' कुठून टपकला? प्राकृतात 'कोत्थल' म्हणजे पिशवी, थैली, असा शब्द आहे, आणि मराठीत कोथळा म्हणजे मोठी थैलीही होते. पोट ही थैलीच, ती फाडली की कोथळा निघाला. कोष्ठवाल्यांनी आधी या 'थ'चा हिशेब द्यावा, मग बोलू.

हां, वापराचं राहिलंच. इंग्रजीत लिहिताना वैद्यकाबाहेर 'एक्झेंटरेट' वापरू नका, वाचणारा अडखळेल. वादात कुणाला फाडून काढलं असं म्हणायचं असेल तर 'एव्हिसरेट' चालतं. मासळी साफ करायची असेल तर साधं 'गट' (gut) म्हणा.