जुन्या सुपर ८ (घरगुती ८ मिमी फिल्म) साउंड प्रोजेक्टरचा आवाज जड, घोगरा आणि हेलकावे खात येतो, अॅम्प्लिफायर गेला असेल का?

अॅम्प्लिफायर बहुतेक ठीकच असणार, आधी तिकडे हात घालू नका. आणि घरातली रील तर आत्ता मुळीच लावू नका हो, चाचणीला कुठलीतरी टाकाऊ साउंड फिल्म घ्या. मशीन दुसरं मिळेल, रील एकच आहे.

तुम्ही लिहिलंय की काकांनी हे मशीन अमेरिकेहून आणलं आणि आता ट्रान्सफॉर्मर लावून चालवताय. माझी पहिली शंका तिथंच. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, तिकडे ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०. मोटर एसी इंडक्शनची असेल तर इथे ती साधारण एक षष्ठांश हळू फिरते, म्हणून आवाज जड. काही मशीनच्या मोटर पुलीला दोन पायऱ्या असतात, त्यातली मोठी ५० ची, बेल्ट तिच्यावर सरकवला की झालं.

हेलकाव्याचं कारण वेगळं. सुपर ८ मध्ये आवाज आपल्या चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो. गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या चौकटीत, फिल्म थांबत थांबत सरकते, पण आवाज वाचणाऱ्या साउंड हेडवरून ती एकसारखी जायला हवी, आणि हे जमवून आणतो तो मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा. लूप आखडला की गेटचे झटके थेट हेडपर्यंत जातात. लूप बरोबर असेल तर रबर रोलर कडक झालाय का बघा आणि मग बेल्ट.

माझ्या मशीनचा बेल्टच होता. कव्हर उघडलं तर त्याचं पार डांबर झालेलं, पुलीच्या खाचेत घट्ट बसलेलं, बोटांना लागलं ते दोन दिवस निघेना. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घेऊन अख्खी दुपार गेली. नव्या बेल्टचं माप पुलींभोवती दोरा फिरवून घ्या आणि बेल्ट त्याहून किंचित आखूड आणा, फार ताणला तर मोटरचे बुश खातो.

घोगरेपणा म्हणजे बहुधा हेडवर साचलेली, फिल्मवरच्या आवाजाच्या मॅग्नेटिक पट्टीची तांबूस भुकटी. त्याच अल्कोहोलने पुसा, इअरबड पांढरा निघेपर्यंत, स्क्रूड्रायव्हरने अजिबात खरवडू नका.

एवढं करूनही घूंऽऽ असा हम राहिला तर मात्र वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर गेलेत, ते जुना रेडिओ-टेपवाला मेकॅनिक बदलून देईल. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना प्रोजेक्शन लॅम्प काढून ठेवायला आणि मशीनच्या वीजजोडणीत सिरीजमध्ये एक साधा बल्ब लावायला सांगा.

आणि रीलचा डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर फिल्मचा अॅसिटेट बेस खराब व्हायला लागलाय, ती प्रोजेक्टरवर चढवूच नका, सरळ स्कॅन करून घ्या.

आमच्याकडे दादाच्या मुंजीची रील आहे. आजी दारातून डोकावते आणि काहीतरी बोलून जाते, इतकी वर्षं ते नुसतं गुरगुरणं वाटायचं. हेड पुसल्यावर ऐकलं, "पानं वाढलीत, चला". मी ते चार वेळा मागे घेऊन ऐकलं.